पंचवीस मैलांची चूक : बेपत्ता मुलाविषयी लिहिणाऱ्यास पत्र

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. भाषा ओघवती आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेपत्ता झालेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाची, ब्रँडन स्वॉन्सनची, हकीकत तू निवडलीस, याचेही मला बरे वाटले, कारण 2008 च्या मे महिन्यातली ती रात्र आजपर्यंत कोणालाही उलगडलेली नाही. परंतु फोनवरचा त्याचा शेवटचा उद्गार तू पहिल्याच परिच्छेदात मांडला आहेस आणि पुढचा सगळा मजकूर त्या एका उद्गाराभोवती घिरट्या घालतो. वाचकाच्या अंगावर काटा येतो खरा. पण तो मुलगा निघाला कुठून, आपण कुठे आहोत असे त्याला वाटत होते आणि प्रत्यक्षात तो कुठे होता, हे त्या वाचकाला विचारले तर तो गप्प बसेल. खरे सांगायचे तर तुलाही ते नीट उमगलेले दिसत नाही. तुझ्या मसुद्यात कॅन्बी आणि लिंड ही गावे एकमेकांच्या शेजारी असल्यासारखी आली आहेत.

म्हणून आधी जमीन समजून घे. मार्शल हे त्या मुलाचे गाव. तिथून वायव्येला साधारण तीस मैलांवर कॅन्बी, जिथल्या कॉलेजात तो शिकत होता. दोन्ही गावांना जोडणारा 68 क्रमांकाचा राज्यमार्ग मिनिओटा, टाँटन, पोर्टर अशा लहान लहान गावांमधून जातो. लिंड मात्र या रस्त्यावर नाही. ते मार्शलच्या नैर्ऋत्येला आहे. सत्र संपल्याच्या आनंदात मुले जमली होती. तो आधी लिंडच्या मित्रमंडळीत जाऊन आला, नंतर एका सोबत्याला निरोप द्यायला कॅन्बीला गेला आणि मध्यरात्रीनंतर तिथून घरी निघाला. हमरस्ता सोडून त्याने शेतांमधले खडीचे रस्ते धरले. त्या मुलखात हे रस्ते मैला-मैलाच्या चौकटीत आखलेले आहेत, बुद्धिबळाच्या पटासारखे. दिवसा ही आखणी सोयीची वाटते, पण रात्री एक चौक दुसऱ्यापासून ओळखू येत नाही, आणि दूरवर दिसणारा दिवा गावाचा की एखाद्या शेतघराच्या अंगणातला, हे सांगता येत नाही. त्यातच त्याला डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हते, आणि चष्मा पुढे गाडीतच सापडला.

गाडी रस्त्यालगतच्या चरात उतरून अडकली. त्याला इजा झाली नव्हती. रात्री दोनच्या सुमारास त्याने आईवडिलांना फोन करून आपण लिंडजवळ आहोत, न्यायला या, असे सांगितले. ते निघाले. यानंतरचा प्रसंग तू एका वाक्यात उरकला आहेस, आणि माझ्या मते संपूर्ण हकीकत तिथेच आहे. आईवडिलांनी आपल्या गाडीचे दिवे उघडझाप करून दाखवले, आणि फोनवरून मुलगा म्हणाला की दिसत नाहीत. त्याने आपल्या गाडीचे दिवे उघडझाप केले, तर यांना काही दिसेना. दोन्हीकडची माणसे खरे बोलत होती आणि एकमेकांवर वैतागत होती. अखेर त्याने गाडी सोडली, समोर दिसणारे दिवे लिंडचेच आहेत असे समजून तो शेतांमधून चालू लागला, आणि वडील फोनवर त्याच्याशी बोलत राहिले. हे बोलणे 47 मिनिटे चालले. मग एकदम एक दचकल्यासारखा, शिवीवजा उद्गार आला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावल्यावर नुसती घंटी वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी फोनच्या नोंदींवरून कळले की ते बोलणे पोर्टरच्या परिसरातून झाले होते, म्हणजे लिंडपासून वीस-पंचवीस मैलांवरून. गाडीही त्याच बाजूला, लिंकन आणि लायन या दोन परगण्यांच्या सीमेवरच्या रस्त्यालगत मिळाली. रात्रभर आईवडील ज्या मुलखात फिरत होते, तिथे तो कधीच नव्हता. हे अंतर तुझ्या मसुद्यात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात, कंसात आले आहे. ते वर आण. शेवटचा उद्गार हा एका क्षणाचा विषय आहे. ही पंचवीस मैलांची चूक रात्रभर चालू होती आणि तिच्यामुळे काय काय झाले, ते तपासून लिहिता येते.

अंतराबरोबर घड्याळही हवे. सकाळी साडेसहाच्या सुमारास आईने लिंडच्या पोलिसांना कळवले. तेव्हा तिला साधारण असे उत्तर मिळाले की एकोणीस वर्षांची मुले रात्रभर बाहेर राहतात, त्यात विशेष काही नाही. फोनच्या नोंदी हाती येऊन गाडी सापडेपर्यंत दुपार झाली. या उत्तरावर तू पोलिसांना चांगलेच झोडपले आहेस. राग मी समजू शकतो, पण ते उत्तर एका शिपायाच्या आळसातून आलेले नाही. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने निघून जाऊ शकतो, या कायद्याच्या गृहीतकातून ते आले आहे. वय एकोणीस, म्हणजे घरच्यांच्या लेखी पोरगे आणि कायद्याच्या लेखी प्रौढ. त्या कुटुंबाने पुढे पाठपुरावा केला तो नेमकी हीच फट बुजवण्यासाठी, आणि मिनेसोटाच्या विधिमंडळाने 2009 मध्ये कायदा बदलला. 1 जुलै 2009 पासून लागू झालेला हा बदल ‘ब्रँडन्स लॉ’ या नावाने ओळखला जातो. हरवलेला माणूस सज्ञान असला तरी तो धोक्यात असण्याची शक्यता असेल तर पोलिसांनी तक्रार तत्काळ घेतली पाहिजे आणि तपासाची सूत्रे कोणत्या यंत्रणेकडे राहतील हे ठरवले पाहिजे, असे तो सांगतो. याला तू जेमतेम दोन ओळी दिल्या आहेस. निदान एक पूर्ण परिच्छेद दे.

आपल्याकडच्या वाचकाला ही फट परकी वाटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानंतर अठरा वर्षांखालील मूल हरवले तर गुन्हाच नोंदवावा लागतो. अठरा पूर्ण झालेल्याची मात्र ठाण्यात नुसती ‘मिसिंग’ म्हणून नोंद होते, आणि तिचा पाठपुरावा किती जोमाने होईल हे पुष्कळदा ठाणे अंमलदारावर आणि नातेवाइकांच्या चिकाटीवर ठरते. एवढे एक वाक्य पुरे. लेख मिनेसोटाचा आहे, तो तिथेच राहू दे.

आता तर्कांविषयी. माग काढणारी कुत्री आणली गेली. त्यांनी सुमारे तीन मैल माग काढला, एका ओसाड शेतघरापर्यंत आणि पुढे यलो मेडिसिन नदीच्या काठाने. त्यांतल्या एका कुत्र्याने नदीत उडीही घेतली, पण ते पलीकडे चढून पुढे चालत राहिले. तू लिहितोस, ‘म्हणजे तो नदीतच पडला.’ हा ‘म्हणजे’ खोड. कुत्र्याने माग काढला ही घटना आहे. तो नदीत पडला हा तर्क आहे. नदी कुठे गुडघाभर तर कुठे चांगली खोल आहे, त्यामुळे तर्क अशक्य नाही. मात्र शेरिफच्या, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाच्या, खात्यातला एक माणूस महिनाभर रोज नदीकाठ चालला तरी काही मिळाले नाही, हेही त्याच वाक्याच्या शेजारी आले पाहिजे. कपडे नाहीत, फोन नाही, किल्ल्या नाहीत. पुढची अनेक वर्षे शोध चालू राहिला, तोही पिकांचे वेळापत्रक सांभाळून, म्हणजे कापणीनंतर आणि पेरणीपूर्वी शेते मोकळी असतील तेवढ्याच दिवसांत. हा तपशील तुझ्याकडे नव्हता. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या तुला त्याचा अर्थ मी समजावून सांगण्याची गरज नाही.

पार्टी आणि दारूचेही तसेच. तो थोडी प्यायला होता, पण झिंगलेला वाटत नव्हता, असे मित्रांनी सांगितले. तेवढेच लिही. ‘मौजमजा जिवावर बेतली’ हा मथळा माझ्या टेबलावर आला असता तर मी परत पाठवला असता.

हे मी शहाणपणाच्या गादीवर बसून सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खेड्यातून, जत्रेच्या रात्री, एक मुलगा नाहीसा झाला. चौकीत कोणीतरी चहा पिता पिता बोलले त्या भरवशावर मी बातमीत ‘प्रेमप्रकरणातून निघून गेल्याची चर्चा’ अशी ओळ घातली. चार दिवसांनी त्याचे वडील कार्यालयात आले. बातमीचे कात्रण त्यांनी साखरेच्या रिकाम्या पिशवीत घडी करून आणले होते, आणि त्या एका ओळीखाली खताच्या दुकानातल्या निळ्या पेनने रेघ मारलेली होती. आवाज न चढवता त्यांनी विचारले, “हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यालाच विचारतो, पोरगा कुठं आहे ते.” माझ्याकडे सांगण्यासारखे नाव नव्हते. ‘चर्चा’ हा शब्द त्यानंतर मी बातमीत वापरलेला नाही, आणि तुझ्या मसुद्यात तो सहा वेळा आला आहे.

तू विचारले आहेस की कुटुंबाला ईमेल करून प्रतिक्रिया घ्यावी का. माझे मत, नको. जे सांगायचे ते त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे, रात्री दारातला दिवा चालू ठेवतो हेसुद्धा. नवे काही हाती नसताना केवळ आपल्या लेखात एक वाक्य यावे म्हणून त्यांना पुन्हा त्या रात्रीत नेण्याचा अधिकार आपल्याला नाही. तुझ्याकडे नवी माहिती असेल तर ती तिथल्या शेरिफच्या कार्यालयाला कळव, लेखात नंतर.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा सोबत हाताने काढलेला एक नकाशा पाठव. मार्शल, लिंड, कॅन्बी आणि पोर्टर एवढी चारच ठिकाणे, मधला 68 क्रमांकाचा रस्ता, आईवडिलांची गाडी फिरली ती बाजू आणि मुलाची गाडी सापडली ती बाजू. अंतरे मैलांत लिही, शेजारी किलोमीटर दे. तो काढून झाल्यावर पहिला परिच्छेद नव्याने लिहायला बस.

तुझा,
जुना उपसंपादक