अस्वलाला पिन कोड कशाला?

प्रश्न: मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत होतो. तिकडच्या जंगलाच्या गेटवर लाकडी अस्वल उभं, डोक्यावर हॅट, खाली जीन्स, हातात फावडं, शेजारी बोर्डावर आज आगीचा धोका किती ते दाखवणारा काटा. नातू म्हणतो, आजोबा ह्याला स्वतःचा पिन कोड आहे! पोरगं थापा मारतंय का? आणि एका कार्टूनचं एवढं कौतुक कशासाठी?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर: आजोबा, नातू शंभर टक्के खरं बोलतोय. ते अस्वल म्हणजे स्मोकी बेअर, आणि त्याचा पिन कोड २०२५२. पोरांची पत्रंच इतकी यायला लागली की १९६४ मध्ये पोस्टाने त्याला वेगळा नंबर देऊन टाकला. पुढे १९८४ ला तिकीटही निघालं, पण मला विचाराल तर खरा मान पिन कोडचाच, कारण तो पोरांनी मिळवून दिला.

सुरुवात युद्धाच्या काळातली. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तोफगोळे टाकले, जवळच जंगल, आणि आग विझवणारी तरणी माणसं तर सैन्यात गेलेली, मग लोकांनीच आग लावू नये म्हणून जाहिराती सुरू झाल्या. आधी डिस्नेचं बॅम्बी हरीण वापरलं पण ते उसनं, वर्षभरापुरतंच, म्हणून १९४४ मध्ये वनखात्याने स्वतःचं अस्वल आणलं. पहिल्या पोस्टरवर ते शेकोटीवर बादलीने पाणी ओततंय, बस्स.

मग १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कॅपिटनच्या डोंगरात वणवा लागला आणि एक खरंखुरं पिल्लू झाडाला चिकटलेलं सापडलं, पंजे भाजलेले. त्याचंच नाव स्मोकी ठेवलं, वॉशिंग्टनच्या झूमध्ये ते २६ वर्षं राहिलं, १९७६ ला गेल्यावर परत कॅपिटनला आणून पुरलं. चित्र आधी, अस्वल नंतर, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं!

आता थोडी खोट पण सांगते. 'जंगलातल्या आगी फक्त तुम्हीच थांबवू शकता' हे त्याचं वाक्य घराघरात गेलं, पण त्यामुळे आग म्हणजे वाईटच असं लोकांच्या डोक्यात बसलं. तिकडची काही जंगलं अधूनमधून जळूनच निरोगी राहतात, प्रत्येक आग विझवत बसलं की सुकं लाकूड साठत जातं आणि मग जी पेटते ती आवरत नाही. २००१ पासून वाक्यात जंगलातल्या आगींच्या जागी वणवे हा शब्द आला, म्हणजे गवताळ रानंही धरली आणि वनखातं मुद्दाम, ठरवून लावतं त्या आगी वेगळ्या ठेवल्या. अस्वलाला ह्याचा दोष देऊ नका, तिथले बहुतेक वणवे आजही माणसाच्याच हातून लागतात.

आणि ते फावडं शोभेचं नाही हो. शेकोटीवर पाणी ओतायचं, फावड्याने राख ढवळायची, परत पाणी, मग हात जवळ नेऊन बघायचं, धग लागली की पुन्हा पहिल्यापासून.