टाइल्सच्या पाठीमागचं काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हॉल १२ बाय १० चा आहे. २ बाय २ च्या व्हिट्रिफाइड टाइल्स घेणार आहोत. मिस्त्री म्हणतात, "अ‍ॅडेसिव्हचा खर्च कशाला? मालावर (सिमेंट-वाळूच्या थरावर) सिमेंटचं पाणी ओतून बसवतो." ऐकावं का? (नाशिक)

नका ऐकू. अ‍ॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायची तयार पावडर, घ्याच. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. अर्धा टक्कासुद्धा नाही. सिमेंट टाइलच्या पाठीत मुरून धरतं, इथे त्याला मुरायला जागाच नसते. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात एका मे महिन्यात दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या. उचलून पाहिलं तर पाठ कोरी. तिच्यावरच्या चौकड्यांचा ठसा मात्र खालच्या सिमेंटवर जसाच्या तसा उमटलेला. सिमेंट सगळीकडे लागलं होतं, चिकटलं कुठेच नव्हतं.

अ‍ॅडेसिव्हच्या पिशवीवर 'आयएस १५४७७' (त्याचं भारतीय मानक) आणि टाइप पाहून घ्या. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी. व्हिट्रिफाइडला किमान टाइप २ हवा. २० किलोच्या पिशवीत ३ मिलिमीटर थराने साधारण ४५ ते ५० चौरस फूट होतात. पण एवढ्या मोठ्या टाइलला थर त्याहून जाड बसतो, तेव्हा चार पिशव्या धरा.

टाइल्स ३० लागतील, तुटीसाठी दहा टक्के धरून ३३. बॉक्समध्ये चार येतात, म्हणजे नऊ बॉक्स. सगळ्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, हे दुकानातच बघा. नंतर आणलेल्या बॉक्सचा रंग हमखास वेगळा दिसतो. उरलेल्या तीन टाइल्स माळ्यावर ठेवा.

प्रश्न : घरामागची छोटी पडवी स्वतःच करायची आहे. हत्यारं कोणती घेऊ? (चिपळूण)

सगळ्यात आधी दातेरी थापी. एक फुटी टाइलला ६ मिलिमीटर दात, दोन फुटीला १०. थापीच्या सपाट कडेने अ‍ॅडेसिव्ह जमिनीवर दाबून घ्या, मग दाते एकाच दिशेने सरळ ओढा. गोल गोल फिरवलंत तर हवा आत अडकते आणि तिथे टाइल पोकळ वाजते. पहिली टाइल बसवली की लगेच उचलून पाठ पाहा. पाठ भरलेली दिसली तरच पुढे जा. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

बादलीत आधी पाणी, मग पावडर. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. घट्ट व्हायला लागलं की वरून पाणी घालू नका, ते टाकून द्या. टाइलच्या पाठीला पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने पुसा.

बाकी दोरी, गुण्या, स्पिरिट लेव्हल, रबरी हातोडा आणि स्पेसर (सांधे सारखे ठेवणारे प्लॅस्टिकचे तुकडे). सरळ कापांना हाताने ओढायचा टाइल कटर पुरतो. ग्राइंडर फक्त पाइपभोवतीच्या खाचांसाठी, आणि तोही भाड्याने मिळतो. तो चालवताना गार्ड काढू नका, एन-९५ मास्क लावा. टाइलची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

पडवीत पाऊस येणार, तेव्हा चकचकीत टाइल नको. खरबरीत घ्या, आणि पाणी वाहून जाईल इतका उतार द्या : दर मीटरला एक सेंटिमीटरच्या आसपास.

प्रश्न : सांधा दिसूच नये, टाइलला टाइल चिकटवून बसवली तर? (कोल्हापूर)

दोन मिलिमीटर तरी सोडा. उन्हाळ्यात फरशी थोडी फुगते. तिला हलायला जागा मिळाली नाही तर ती वर उचलते. भिंतीलगतही पाच मिलिमीटर मोकळे ठेवा, वरून स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी) झाकतं. सांध्यात ग्राउट (सांधे बुजवायचं मिश्रण) भरायची घाई नको, २४ तास जाऊ द्या.

प्रश्न : जुन्या टाइल्स न फोडता वरून नव्या बसवता येतील? (कल्याण)

येतील, पण आधी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून पाहा. पोकळ वाजेल ती काढून तो खड्डा भरा. मग सगळी फरशी घासून तेल-मेण काढा. अ‍ॅडेसिव्हच्या पिशवीवर जुन्या टाइलवर चालतं असं लिहिलेलं हवं. दाराखाली फट मोजून घ्या : टाइल आणि थर मिळून जमीन दीड सेंटिमीटर वर येते, दारं तासावी लागतील. बाथरूममध्ये मात्र हा मार्ग धरू नका. तिथे गळती असेल तर ती जुन्या टाइलखालूनच होते. फोडा, वॉटरप्रूफिंग करा आणि दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या मजल्यावरचं छत बघून या.