एसक्यूएल क्वेरी चालते, पण उत्तर चुकतं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ऑर्डर, ऑर्डरमधल्या वस्तू आणि पेमेंट अशी तीन टेबलं जॉइन करून (म्हणजे समान क्रमांकाने जोडून) प्रत्येक ग्राहकाची एकूण खरेदी आणि एकूण भरणा काढतो. काही ग्राहकांचे आकडे बरोबर येतात, काहींचे दुप्पट-तिप्पट. सारख्या किमती एकदाच घेणारं डिस्टिंक्ट लावूनही हिशोब जुळत नाही.

उत्तर: ज्यांचे आकडे जुळतात, त्यांच्या ऑर्डरमध्ये बहुधा एकच वस्तू आणि एकच पेमेंट असणार. एखाद्या ऑर्डरमध्ये ३ वस्तू असतील आणि पैसे २ हप्त्यांत आले असतील, तर जॉइननंतर त्या एका ऑर्डरच्या ६ ओळी होतात. प्रत्येक वस्तू दोनदा मोजली जाते आणि प्रत्येक हप्ता तीनदा. वस्तू आणि पेमेंट यांचं एकमेकांशी थेट नातं नाही, दोन्ही फक्त ऑर्डरला बांधलेली आहेत. डेटाबेस मग त्यांच्या सगळ्या जोड्या लावून मोकळा होतो.

डिस्टिंक्ट इथे उपाय नाहीच, उलट नवीन चूक आहे. दोन्ही हप्ते ५०० चे असतील, तर बेरजेत डिस्टिंक्ट लावल्यावर १००० ऐवजी ५०० च येतील. चढा आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो, कमी आलेला पटकन कळत नाही.

आधी बेरीज करा, मग जॉइन. वस्तूंच्या टेबलवर ऑर्डर क्रमांकाने ग्रुप बाय (गट) करून एक सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) लिहा, पेमेंटवर तशीच दुसरी. आता दोन्हीकडे एका ऑर्डरची जास्तीत जास्त एकच ओळ आहे. दोन्ही सबक्वेरी ऑर्डरच्या टेबलला लेफ्ट जॉइनने जोडा. इनर जॉइन वापरलात, तर पेमेंट न आलेल्या ऑर्डर गुपचूप गळतील. लेफ्ट जॉइनमध्ये त्या राहतात आणि त्यांच्यासमोर नल (म्हणजे किंमतच नाही) येईल. कोअलेस वापरून त्याचा शून्य करा. ग्राहकवार ग्रुप बाय सगळ्यात शेवटी.

चूक नेमकी कुठे शिरते ते शोधायचं असेल, तर बेरीज काढून टाका, एकेक जॉइन वाढवा आणि प्रत्येक वेळी काउंटने ओळी मोजा. ज्या जॉइननंतर संख्या ऑर्डरच्या संख्येपेक्षा वाढली, तिथून फुगवटा सुरू झाला.

प्रश्न: एकदाही ऑर्डर न दिलेले ग्राहक नॉट इन वापरून शोधतो. टेस्ट डेटाबेसवर नावं येतात, प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर) एकही ओळ येत नाही. एररही नाही.

उत्तर: प्रॉडक्शनमधल्या ऑर्डरच्या टेबलमध्ये ग्राहक क्रमांकाचा रकाना एखाद्या ओळीत तरी नल असणार. नॉट इन म्हणजे ‘क्रमांक ३ नाही आणि ५ नाही आणि नल नाही’ अशी ‘आणि’ने जोडलेली साखळी. नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही. ती अज्ञात राहते. अटीनुसार ओळी गाळणारा व्हेअर फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी पुढे सोडतो, त्यामुळे सगळेच अडतात. नॉट एक्झिस्ट्स वापरा, त्याला नलची बाधा होत नाही. सबक्वेरीत ‘इज नॉट नल’ घातलं तरी चालतं, फक्त ते दर वेळी आठवावं लागतं. ग्राहकाशिवाय ऑर्डर असूच शकत नसेल, तर आधीच्या नल ओळी दुरुस्त करा आणि रकान्यावर नॉट नलचं बंधन घाला.

प्रश्न: तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी क्रमवार सूची) आहे, तरी २०२४ चा डेटा काढताना एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या आदेशात) पूर्ण टेबल वाचलेलं दिसतं. व्हेअरमध्ये तारखेतून वर्ष काढणारं इयर फंक्शन वापरतो.

उत्तर: इंडेक्समध्ये तारखा लावलेल्या आहेत, वर्षं नाहीत. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की हा क्रम कामाचा राहत नाही. कॉलम मोकळा ठेवा: तारीख १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतरची, आणि १ जानेवारी २०२५ च्या आधीची. बिट्वीनच्या (‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’) मोहात पडू नका. कॉलममध्ये वेळही असेल, तर ‘३१ डिसेंबर’ म्हणजे त्या दिवसाचे रात्रीचे ००:०० वाजले. त्यानंतरचा अख्खा दिवस गळतो. २३:५९:५९ लिहिलं, तरी त्या शेवटच्या सेकंदाच्या अंशांतल्या नोंदी सुटू शकतात.

असाच घोळ मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये मोबाइल क्रमांकाचा होतो. कॉलम व्हारचार (मजकुराचा) असताना क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर तुलना आकड्यांची होते आणि इंडेक्स बाजूला पडतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अशी तुलना सरळ एरर देते, हे उलट बरंच.

एवढं करूनही पूर्ण टेबलच वाचलं जात असेल, तर त्यातला किती हिस्सा २०२४ चा आहे ते बघा. बहुतेक ओळी त्याच वर्षाच्या असतील, तर इंडेक्समधून एकेक ओळ शोधण्यापेक्षा सगळं सलग वाचणं स्वस्त पडतं. प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा) निर्णय तेव्हा बरोबर असतो.

प्रश्न: पोस्टग्रेसमध्ये डिलीटवर एक्स्प्लेन ॲनालाइझ चालवलं तर डेटा जातो का?

उत्तर: जातो. ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवून वेळ मोजतं. म्हणून आधी बिगिन (व्यवहार सुरू), मग क्वेरी, लगेच रोलबॅक (केलेले बदल रद्द). रोलबॅक होईपर्यंत त्या ओळींवर लॉक (इतरांना बदलायला मनाई) राहतो, म्हणून गर्दीच्या वेळी प्रॉडक्शनवर हेही टाळा. नुसता प्लॅन बघायचा असेल, तर साधं एक्स्प्लेन पुरतं.