तिकिटांची दुकानं मिटली म्हणून छंद संपला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टपाल तिकिटांसारख्या छंदांची खास दुकानं इंटरनेटमुळे बंद पडत चालली आहेत, मग छंदाचं भलं झालं की वाटोळं, आणि आता नव्यानं सुरुवात करण्यात अर्थ आहे का?

मी बरीच वर्षं तिकिटं जमवतो, म्हणून त्याबद्दलच बोलतो. सुरुवात जरूर करा. तिकीट हाती लागणं आज कधी नव्हे इतकं सोपं आहे. हरवला आहे तो तिकीट कसं पाहायचं हे शिकवणारा माणूस. त्याची भरपाई इंटरनेटनं थोडीफार केली आहे, पूर्ण नाही.

दुकानांवर घाव दोन बाजूंनी पडला. गिऱ्हाईक ऑनलाइन गेलं, हे सगळ्यांना दिसतं. पण ईमेलनं पत्रंच संपवली, त्याचा फटका जास्त खोल आहे. पूर्वी मूल पाकिटावरचं तिकीट कापायचं, पाण्यात भिजवून सोडवायचं, वहीत चिकटवायचं आणि मग एक दिवस दुकानाची पायरी चढायचं. आता घरी तिकीट लावलेलं पाकीटच येत नाही. डेन्मार्कमध्ये तर पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीनं २०२५ च्या अखेरीस पत्रं पोचवणंच थांबवलं. नवं गिऱ्हाईक घडवणारी वाटच बुजली, मग दुकानदार ते कुठून आणणार?

किमतींचं म्हणाल तर उलथापालथ झाली आणि मला ती योग्य वाटते. १८४० सालचं ब्रिटनचं पेनी ब्लॅक हे जगातलं पहिलं चिकट टपाल तिकीट. दुकानात काचेखाली त्याच्या दोन-तीन प्रती असायच्या, त्यामुळे ते फार दुर्मिळ वाटायचं. प्रत्यक्षात ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापलं गेलं होतं. १९९५ मध्ये ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट सुरू झाल्यावर अशा तिकिटांच्या प्रती ढिगानं एकाच पडद्यावर दिसू लागल्या. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे, हे उघड झालं. वडिलांचा-आजोबांचा अल्बम मोठ्या आशेनं विकायला काढणाऱ्यांची त्यात निराशा होते, ते मला समजतं. नव्या संग्राहकाला मात्र दहा ठिकाणचे भाव पाहून घेता येतात. पूर्वी दुकानदार सांगेल तीच किंमत असायची.

पण पेनी ब्लॅकवरूनच दुकानाचं खरं काम काय होतं तेही कळतं. या तिकिटाला फाडून वेगळं करायला कडेची छिद्रं नाहीत. २४० तिकिटांच्या तावातून ती कात्रीनं कापली जायची, आणि दोन तिकिटांमधली जागा जेमतेम. त्यामुळे एखादी तरी बाजू छाटली जाणं नेहमीचंच. चारही बाजूंची पांढरी मार्जिन शाबूत असली की किंमत बरीच चढते. मग लबाड माणूस छाटलेल्या बाजूला जुन्या कागदाची पट्टी बेमालूम जोडतो. फोटोत ती सहसा कळत नाही. जाणता दुकानदार तिकीट चिमट्यानं उचलून काळ्या बशीत पालथं ठेवायचा आणि वॉटरमार्क पाहायच्या द्रवाचे थेंब सोडायचा. ओल्या कागदात वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेली छोट्या मुकुटाची खूण, गडद उमटायची. कुठे जोड असेल तर तिथे रेघ दिसायची, कागद खरवडला असेल तिथे काळपट डाग, घडी असेल तर तीही. क्षणभरात द्रव उडून जायचा. शेजारी उभं राहून हे पाहता पाहता गिऱ्हाईकाचीही नजर तयार व्हायची, आणि त्याचे कोणी पैसे घेत नसे.

इंटरनेटनं दिलेली गोष्टही तितकीच मोलाची आहे. पेनी ब्लॅकच्या खालच्या दोन कोपऱ्यांत अक्षरं असतात. डावं अक्षर तावातली ओळ सांगतं, उजवं ओळीतली जागा. २० ओळी, प्रत्येकी १२ तिकिटं. ही अक्षरं छपाईच्या प्लेटवर हातानं ठोकलेली, म्हणून प्रत्येक प्लेटवर ती किंचित इकडेतिकडे सरकलेली असतात. तेवढ्यावरून आपलं तिकीट ११ पैकी कोणत्या प्लेटचं ते ओळखता येतं. पूर्वी यासाठी महागडे ग्रंथ नाहीतर एखाद्या बड्या संग्राहकाची ओळख लागायची. आज चांगल्या स्कॅनशी ताडून पाहता येतं, आणि अडलं तर दुसऱ्या खंडातला अनोळखी माणूस आपलं तिकीट मोठं करून बाणांनी खुणा करून पाठवतो. हे मी अनुभवलं आहे आणि त्या लोकांचे उपकार मानतो.

विखुरलेले शौकीन एकत्र आले की काय होतं, याचं उदाहरण तिकिटांबाहेरही आहे. पोलरॉइड कंपनीनं २००८ मध्ये लगेच फोटो उमटवणारी इन्स्टंट फिल्म बंद करायचं ठरवलं, तेव्हा काही वेड्या माणसांनी नेदरलँड्समधल्या एन्शेडे इथल्या कारखान्यातली यंत्रं वाचवली. कुठल्याही एका शहरात त्यांना पुरेशी गिऱ्हाइकं मिळाली नसती, जगभरातून मिळाली.

जुन्या पेढ्यांनीही धडपड केली. १८५६ पासून चालत आलेल्या स्टॅन्ली गिबन्स या तिकिटांच्या पेढीनं २०२१ मध्ये १८५६ सालचंच ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट ८३ लाख डॉलरला घेतलं आणि त्याच्या मालकीचे ८० हजार हिस्से ऑनलाइन विकायला काढले. मला हे पटलं नाही. तिकीट हातात न घेता त्याचा कागदोपत्री हिस्सा घेण्यात संग्रह कुठे आला? २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती जाऊन नव्या मालकांकडे गेली.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर पेनी ब्लॅकच्या मागे लागू नका. १८४१ मध्ये त्याच्या जागी आलेलं पेनी रेड घ्या, आणि मुद्दाम खराब, छाटलेल्या प्रती घ्या. त्या स्वस्त मिळतात. सुरुवातीची काही लाल तिकिटं तर पेनी ब्लॅकच्याच प्लेटवरून छापलेली आहेत, म्हणजे अक्षरं ताडून पाहायचा सराव तिथेच होतो. सोबत चिमटा, भिंग, काळी बशी आणि वॉटरमार्कचा द्रव एवढं पुरे. महाग तिकीट घ्यायची वेळ आली की विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो आणि तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागा. तो टाळाटाळ करू लागला तर घेऊ नका. आणि जवळपास एखादं दुकान किंवा संग्राहक मंडळ अजून टिकून असेल तर खरेदी करायची नसली तरी तिथे जा, स्वतःची तिकिटं दाखवा आणि ती बशीत टाकून पाहायला सांगा.