लॅपटॉपची बिघडलेली हार्ड डिस्क घरीच बदलता येईल का?

हो, स्क्रू-ड्रायव्हर नीट धरता येत असेल तर नक्की. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर आधी लॅपटॉप बंद करा. चालू ठेवाल तितका डेटा जायची भीती जास्त. असा आवाज नसेल आणि डिस्क अजून वाचता येत असेल तर फोटो, कागदपत्रं आधी बाहेर काढा.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा २.५ इंची साटा (डिस्क जोडायच्या जोडणीचा एक प्रकार) डिस्क असते. त्याच मापाची ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या, परत हार्ड डिस्क कशाला? चार्जर काढा, बॅटरी सोडवा, मगच डिस्कला हात लावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कागदावर जागेप्रमाणे चिकटवून ठेवा (मी नव्हते ठेवले, एक उरलाच!). नव्या डिस्कवर विंडोज टाकायला लागणारा पेनड्राइव्ह मात्र आधीच बनवून ठेवा, किमान ८ जीबीचा.