'अधिक शाश्वत' की 'अधिक टिकाऊ'?

इंग्रजी 'सस्टेनेबल'ला मराठीत काय म्हणायचं, याबद्दल प्रश्न असा आहे : "वेगवेगळ्या देशांतल्या शेती, मासेमारी, वस्त्रोद्योग अशा क्षेत्रांची तुलना लिहितो आहे. एक क्षेत्र दुसऱ्यापेक्षा 'अधिक शाश्वत' म्हणू की 'अधिक टिकाऊ'? आम्हा सोलापूरकरांना टिकाऊ म्हटलं की चादरच आठवते."

तुलना असेल तिथे 'अधिक शाश्वत' लिहू नका. शाश्वत म्हणजे ज्याला अंतच नाही ते. गीतेत आत्मा शाश्वत आहे. त्यात कमी-जास्त कुठून येणार? 'अधिक अमर' म्हटल्यासारखं होतं. 'शाश्वत विकास' हे नाव रुजलंय, ते राहू द्या. हिंदीने तिथे 'सतत' घेतला. तो मला अर्थाच्या जास्त जवळ वाटतो.

चादरीची अडचण मात्र खरी आहे. 'टिकाऊ' आपण वस्तूला लावतो, आणि वस्तू टिकाऊ असली म्हणून तिचा धंदा टिकतोच असं नाही. आपल्या शहरातल्या जुन्या कापडगिरण्या बंद पडल्याच की. म्हणून चादर 'टिकाऊ' म्हणा, उद्योग 'टिकून राहणारा' म्हणा. मग 'अधिक काळ टिकून राहणारा' अशी तुलनाही सहज करता येते.

मुळात 'सस्टेनेबल' ही कल्पना मजबुतीची नाहीच. जर्मनीतल्या सॅक्सनीत खाणींच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या खाणखात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 साली पुस्तक लिहून सांगितलं, की जंगल जेवढं वाढतं तेवढंच तोडा. आपल्याकडे याला अस्सल शब्द आहेत : मुद्दल न मोडणं. न्यूफाउंडलंडच्या समुद्रातला कॉड मासा इतका उपसला गेला की 1992 साली कॅनडाला त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. तिथे मुद्दलच मोडलं होतं. बॅरेंट्स समुद्रात नॉर्वे आणि रशिया मिळून दरवर्षी किती पकडायचं ते ठरवतात. तिथली कॉडची मासेमारी चालू राहिली.

हीच कसोटी घरच्या रानात लावून बघा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. उसाला उजनीचं नाहीतर बोअरचं पाणी लागतं. ऊस जास्त पैसे देतो हे खरं, पण त्याला 'टिकून राहणारं पीक' लिहिण्याआधी बोअर दरवर्षी किती खोल जातंय ते विचारा.

'तग धरणं' इथे वापरू नका. त्यात संकट सोसण्याचा भाव आहे. ज्वारी दुष्काळात तग धरते, तसा.

तुमच्या लेखाला शीर्षक सुचवतो : 'कोणत्या देशात कोणता उद्योग मुद्दल न मोडता चालतो?'