प्लॅटिनम निकेलपेक्षा 300 अंश जास्त तापमानाला वितळतं आणि गंजतही नाही. मग जेट इंजिनाची पाती प्लॅटिनमची का नसतात?

किंमत हे कारण आहेच, पण मला ते सगळ्यात मोठं वाटत नाही.

निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम 1768 ला. पण वितळण्याआधी धातू किती भार पेलेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शुद्ध प्लॅटिनम मऊ असतं. तापलेलं असताना ताण दिला की हळूहळू लांबत जातं. यालाच क्रीप म्हणतात. जेटची पाती ज्याची करतात त्या निकेलच्या सुपरअलॉयमध्ये, म्हणजे खूप तापूनही कणखर राहणाऱ्या मिश्रधातूत, क्रीपला अटकाव करतात ते आत खच्चून भरलेले सूक्ष्म कण. या कणांत तीन अणू निकेलचे, तर एक अ‍ॅल्युमिनियमचा असतो. त्यांची घनाकृती स्फटिकरचना भोवतालच्या धातूशी जुळते, म्हणून ते आत घट्ट बसतात.

तीच युक्ती प्लॅटिनममध्ये आणण्याचं बरंच काम दक्षिण आफ्रिकेत, मिंटेक ही खनिज संशोधन संस्था आणि विटवॉटर्सरँड विद्यापीठ इथे झालं. (जगातलं बहुतेक प्लॅटिनम त्याच देशातून येतं, त्यामुळे त्यांना त्यात रस असणारच.) अडचण अशी की तीनास एक प्रमाणातलं प्लॅटिनम-अ‍ॅल्युमिनियमचं संयुग थंड होताना घनाकृती राहत नाही, त्याची रचना एका दिशेने ताणली जाते आणि भोवतालशी असलेला मेळ बिघडतो. क्रोमियम घातलं की घनाकृती टिकते. रुथेनियम उरलेल्या धातूला कणखर करतं. दर शंभर अणूंत 84 प्लॅटिनम, 11 अ‍ॅल्युमिनियम, 3 क्रोमियम, 2 रुथेनियम, हे त्यातलं गाजलेलं मिश्रण.

‘गंजत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. फार तापलेल्या प्लॅटिनमचा ऑक्साइड वायुरूपात उडून जातो आणि धातू झिजत राहतो. वरच्या मिश्रणातलं अ‍ॅल्युमिनियम पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनाचं (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचं) कवच धरतं, ते इथे कामी येतं.

खरं घोडं पेंड खातं ते घनतेपाशी. फिरणाऱ्या पात्यावर मोठा ताण येतो तो त्याच्या स्वतःच्याच वस्तुमानाचा. निकेलची घनता घन सेंटीमीटरला 8.9 ग्रॅम, प्लॅटिनमची 21.45. अ‍ॅल्युमिनियममुळे ती थोडी उतरते, तरी पातं निकेलच्या दुपटीच्या आसपास जड राहतं, आणि ते धरून ठेवणारी चकतीही मग तेवढीच दणकट लागते.

जिथे काही फिरत नाही तिथे मात्र प्लॅटिनमला तोड नाही. काचतंतू ओढण्याच्या भट्टीतले सच्छिद्र तळ प्लॅटिनम-ऱ्होडियमचे असतात. काही प्रकारांत झिर्कोनियाचे बारीक कणही मिसळतात, म्हणजे उष्णतेने धातूचे स्फटिककण वाढत जात नाहीत.

आणि जेटच्या पात्यांवर प्लॅटिनम असतंच, फक्त लेपात: अनेक निकेल पात्यांवर प्लॅटिनम-अ‍ॅल्युमिनाइडचा (प्लॅटिनम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाचा) पातळ थर देतात.